मैदान, चहा आणि कप्तानी

जुन्या क्रिकेट क्लबचा सुवर्णमहोत्सव किंवा शतकमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तिच्यात संस्थापकांचे पगडीतले फोटो असतात, अध्यक्षांची यादी असते, जिंकलेल्या ढाली आणि करंडक असतात, क्लबचे किती खेळाडू रणजीपर्यंत आणि किती कसोटीपर्यंत पोहोचले याचा हिशेब असतो. हा हिशेब खोटा नसतो, पण अपुरा असतो. संघ कुठल्याही मोकळ्या जागेत उभा राहतो. क्लबला मात्र स्वतःची जागा लागते, जागेला कुंपण लागतं, कुंपणाला दार लागतं आणि त्या दारातून आत कुणाला घ्यायचं हे ठरवणारी समिती लागते. म्हणून क्लबचा इतिहास धावफलकावर कमी आणि तीन साध्या प्रश्नांच्या उत्तरांत जास्त सापडतो. मैदानावर कोण उतरू शकत होतं? खेळ थांबल्यावर चहाला कोण एकत्र बसत होतं? आणि कप्तानी कुणाला मिळत होती? ही तीन दारं एका वेळी उघडत नाहीत. पहिलं उघडायला चांगला खेळ बहुधा पुरतो. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला तो पुरत नाही, तिथे कुणाला तरी बोलावं लागतं, अडून बसावं लागतं. मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पी. जे. हिंदू जिमखान्याचा इतिहास हे जितकं स्पष्ट दाखवतो तितकं क्वचितच दुसरा एखादा क्लब दाखवत असेल.

मरीन लाइन्स आणि चर्नी रोड या स्टेशनांच्या दरम्यान, रेल्वे रूळ आणि मरीन ड्राइव्ह यांच्या मधल्या पट्ट्यात पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांची मैदानं आहेत. लोकलच्या खिडकीतून रोज लाखो माणसं ती पाहतात. या मैदानांची वाटणी धर्मानुसार का झाली, याचं उत्तर आणखी थोडं मागे, फोर्टाबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर आहे. हिंदुस्थानी लोकांत क्रिकेट सर्वांत आधी पारशांनी उचललं. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, मागोमाग आणखी क्लब निघाले. हे सगळे क्लब उघड्या मैदानावर खेळत. १८७५ साली तिथेच गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना उभा राहिला. त्याचं स्वतःचं राखलेलं हिरवं मैदान होतं आणि क्लबहाउसही होतं, पण दोन्ही गोऱ्यांसाठी. नेटिवांना त्यात प्रवेश नव्हता. एवढ्यावर भागलं असतं, तर कदाचित पुढचा इतिहास वेगळा झाला असता. पण जिमखान्याच्या सभासदांना पोलोचा नाद होता, आणि आपल्या हिरवळीवर घोडे नाचवणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते पोलो खेळायला कुंपणाबाहेरच्या, नेटिवांच्या मैदानावर येत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि त्या खड्ड्यांतून चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहत नसे.

पारशी क्रिकेटपटूंनी यावर दगड उचलले नाहीत, अर्ज लिहिले. १८८१ पासून त्यांनी गव्हर्नरकडे दाद मागितली. मधे काही काळ पोलो थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. या साऱ्या लढ्याची हकिगत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने छापली, आणि पारशी क्रिकेटचा इतिहास सांगणाऱ्या त्या पुस्तकाच्या नावातच युरोपीय पोलो विरुद्ध नेटिव क्रिकेट हा झगडा घातला. त्यातला युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. थोड्या धनिकांच्या करमणुकीसाठी शेकडो मुलांचा खेळ बुडवावा का, असा तो रोखठोक प्रश्न होता. म्हणजे हिंदुस्थानी क्लब क्रिकेटच्या पहिल्याच पिढीत भांडण होतं ते जागेचं, आणि मांडणी होती न्यायाची. त्याच सुमारास, १८८६ आणि १८८८ साली, पारशांचे संघ इंग्लंडला जाऊन आले. पहिल्या दौऱ्यात २८ सामन्यांत त्यांना एकच विजय मिळाला, दुसऱ्यात ३१ पैकी आठ. १८९० साली तर त्यांनी मुंबईत जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला हरवलं. तरीही बॉम्बे जिमखान्याचं दार काही उघडलं नाही. तुम्ही आम्हाला हरवू शकता, पण आमच्याबरोबर बसू शकत नाही, हा नियम इथेच पहिल्यांदा ठळक दिसतो.

सरकारने यावर तोडगा काढला तो नवी जमीन देण्याचा. समुद्रालगतच्या केनेडी सी फेसवर १८८७ साली पारशी जिमखान्याला जागा मिळाली. पुढे १८९० ते १८९५ या काळात लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर होते. ते स्वतः इंग्लंडचे कप्तान राहिलेले, केंटचे नामवंत क्रिकेटपटू. हॅरिस यांच्या काळात मुसलमानांच्या आणि हिंदूंच्या जिमखान्यांना शेजारी-शेजारी जागा मिळाल्या. धोरण सरळ होतं. प्रत्येक समाजाला प्रतिष्ठित लोकांच्या देखरेखीखाली एकेक जिमखाना द्यायचा आणि तिथे यादी बंद करायची. हिंदू जिमखान्याला एका श्रीमंत व्यापारी घराण्याने देणगी दिली. परमानंददास जीवनदास हे नाव त्या देणगीतून आलं. १८९४ साली जिमखाना सुरू झाला. म्हणजे हा क्लब जन्मला तेव्हाच त्याच्या पायाशी दोन गोष्टी होत्या : सरकारने आखून दिलेली धर्माची रेघ आणि पैसेवाल्यांची प्रतिष्ठा. क्रिकेट त्यानंतर आलं, असं म्हणण्याइतपत या दोन गोष्टी भक्कम होत्या.

इथे पहिला आक्षेप येतो. ही तर उघड फोडा आणि झोडा नीती; इंग्रजांनी जमिनीच्या तुकड्यांवर जमातवाद पेरला, एवढं म्हणून हा विषय संपवावा. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कारण जिमखाना होण्याआधी मुंबईतले हिंदू क्रिकेटपटू एकत्र खेळत होते, असं मुळीच नव्हतं. १८६६ साली हिंदूंचा पहिला क्लब निघाला, आणि त्यानंतर जे क्लब निघाले त्यांची नावं पाहिली तरी पुरे : गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती युनियन, तेलुगू यंग क्रिकेटर्स. जात आणि प्रांत यांच्या वेशीवर क्लब उभे होते आणि या वेशी कुणा गव्हर्नरने आखलेल्या नव्हत्या. चाळी, वसतिगृहं, पतपेढ्या ज्या रेषांवर वाटल्या गेल्या, त्याच रेषांवर क्रिकेटही वाटलं गेलं. हिंदू जिमखान्याने या साऱ्यांना एका छपराखाली आणायचं ठरवलं, तेव्हा त्याने एक कुंपण रुंद केलं आणि दुसरं पक्कं केलं. सारस्वत आणि गुजराती यांच्यामधली भिंत खाली आली. हिंदू आणि पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्यामधली उंच झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एक सांगून दुसरी गाळणारा इतिहास अर्धवट राहतो. पण हिंदू जिमखाना असं नाव घेतल्यावर त्या छपराखाली खरोखर कोणकोण येतं, हा प्रश्न टाळता येणार नव्हता. तो विचारायला भाग पाडलं एका डावखुऱ्या गोलंदाजाने.

पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घर चांभार जातीचं, वडील लष्कराच्या नोकरीत, मुलं वाढली पुण्यात. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ साली ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर लागले. जाळी उभारणं, पीच आखणं आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणं हे त्यांचं काम. तासन्‌तास चेंडू टाकून त्यांची डावखुरी फिरकी घोटली गेली, पण त्या क्लबमध्ये त्यांच्या हाती बॅट कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे तिथले उत्तम फलंदाज. आपल्याला बाद केलंस की दर वेळी आठ आणे, असा त्यांनी बाळूंशी ठराव केला होता, असं सांगितलं जातं. हिशेब करून पाहावा : महिन्याभरात ग्रेगना आठदा बाद केलं की अख्खा पगार हातात. हिंदुस्थानातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज घडला तो असा, माळ्याच्या कामातून आणि अण्यांच्या हिशेबातून. क्लबच्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. नोकरांच्या पगारपत्रकात असावं.

पुण्याच्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि गावातला सर्वांत चांगला गोलंदाज तर गोऱ्यांच्याच जाळ्यात चेंडू टाकत होता. त्याला घ्यावं की नाही यावर क्लबमध्ये दोन तट पडले. रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या २००२ सालच्या ग्रंथात हा प्रसंग तपशिलाने मांडला आहे. शेवटी बाळूंना घेतलं गेलं. मैदानावर ते ब्राह्मण सहकाऱ्यांबरोबर खेळले, त्यांनी टाकलेला चेंडू त्याच सहकाऱ्यांनी हाताने अडवला, झेलला आणि परत त्यांच्याकडे फेकला. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी, तोंड धुवायचं तर पाणी आणून देणारा नोकरही अस्पृश्यच. ज्या चेंडूला तीन तास विटाळ नव्हता, तो चहाच्या पाच मिनिटांत कुठून आला, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला होता. बाळूंच्या गोलंदाजीवर साताऱ्यात गोऱ्यांचा पराभव झाल्यावर पुण्यात त्यांचं कौतुक झालं, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला नकार का, असं न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे विचारलं. पहिलं दार गरजेने उघडलं होतं. दुसरं उघडायला रानड्यांसारख्याला बोलावं लागलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या दिवसांत, बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखान्यानेही थोडी कुरकूर होऊन का होईना, त्यांना संघात घेतलं. मागोमाग धाकटे भाऊ शिवराम आले, पुढे गणपत आणि विठ्ठल. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंचा संघ बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांशी खेळला. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. या विजयानंतर 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकांच्या पत्राने जे लिहिलं ते आपल्या मुद्द्याशी थेट भिडणारं आहे. पुण्याच्या मंडळींनी या भावांना खेळात घेतलं पण चहात घेतलं नाही, मुंबईच्या मंडळींनी त्यांना जिमखान्यात बरोबर जेवायलाही बसवलं, हा फरक त्या लेखाने नेमका टिपला आणि जातिभेदाच्या वाटेवरचं हे मोठं पाऊल मानलं. हिंदू जिमखान्याच्या बाजूने ही गोष्ट ठसठशीतपणे नोंदवली पाहिजे. त्या काळात ज्या शहरात हॉटेलात शेजारी कोण बसलंय हे पाहून लोक उठत, त्या शहरात एका क्लबने चहाचं दार उघडलं. संस्थेने स्वतःविषयी अभिमान बाळगावा असं काही असेल तर ते हे. जिंकलेला चषक त्यापुढे दुय्यम आहे.

पण याच जागी दुसरा, अधिक लोकप्रिय समज आडवा येतो : क्रिकेटने जात मोडली. मैदान सगळ्यांना समान करतं, बाळू हेच त्याचं उदाहरण, असं म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. तारखा मात्र साथ देत नाहीत. १९०६ साली युरोपियनांवर विजय, १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांचे तिरंगी सामने, १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदुस्थानच्या संघाचा इंग्लंड दौरा आणि त्यात बाळूंचे ११४ बळी, १९१२ पासून मुसलमानांसह चौरंगी सामने. या सगळ्या काळात बाळू हे हिंदू संघाचे पहिल्या क्रमांकाचे गोलंदाज होते. कामगिरी आणि ज्येष्ठता पाहता कप्तानी त्यांच्याकडे यायला हवी होती, आणि तशी मागणीही होत राहिली. ती त्यांच्याकडे कधीच आली नाही. संघ निवडणारी समिती हिंदू जिमखान्याची होती. तिने त्यांना चेंडू दिला, चहा दिला, कप्तानी दिली नाही. खेळच जर समता आणत असता, तर शंभरावर बळी घेणाऱ्यासाठी तिसरं दार आपोआप उघडायला काय हरकत होती?

यावर कुणी म्हणेल की कप्तान निवडताना फक्त बळी पाहत नाहीत. इंग्रजी बोलता येणं, मेजवानीत भाषण करता येणं, समाजात वजन असणं हेही पाहतात, आणि कप्तान बहुधा फलंदाजच असतो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण इंग्लंडमध्येही हेच चाललं होतं. तिथे पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक आणि हौशी जंटलमन यांची प्रवेशद्वारं वेगळी असत, आणि विसाव्या शतकात कसोटी संघाचं नियमित कप्तानपद व्यावसायिक खेळाडूला, लेन हटन यांना, मिळायला १९५२ साल उजाडलं. पण हे उदाहरण आक्षेपाला बळ देण्याऐवजी आपलाच मुद्दा पक्का करतं. तिथे वर्ग, इथे जात. दोन्हीकडे गोलंदाजी हे खालच्याचं काम आणि हुकूम देणं हे वरच्याचं. दुसऱ्याला क्षेत्ररक्षणाची जागा दाखवण्याचा, हात वर करून तिकडे जा म्हणण्याचा अधिकार म्हणजे कप्तानी. ब्राह्मण खेळाडूला चांभार कप्तानाच्या इशाऱ्यावर सीमारेषेकडे धावायला लावणं, हे त्याच्या शेजारी चहा पिण्यापेक्षा समितीला जड वाटलं. म्हणून तर हे दार सर्वांत शेवटचं.

ते कसं उघडलं, हेही पाहण्यासारखं आहे. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी कप्तान म्हणून एम. डी. पै यांची निवड झाली होती. ते आजारी पडल्यावर सूत्रं तरुण दि. ब. देवधरांकडे गेली, आणि बाळूंना तर संघातूनच वगळलं गेलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली, आणि का घेतली ते वर्तमानपत्रात जाहीरपणे सांगितलं. आमचा दावा कर्तबगारीवर आहे आणि तो जातीमुळे डावलला जातोय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा काळ अस्पृश्यता निवारणाचा प्रश्न काँग्रेसच्या चळवळीत ठळकपणे येत होता तो. लोकमत बदलत होतं. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकप्तान करण्यात आलं, भाऊ संघात आले, आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूंनी संघ हाताळला. पूर्ण कप्तानी मिळाली ती १९२३ साली विठ्ठल यांना. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, ते १९४८ साली प्रसिद्ध झालं. १९०६ ते १९२३ ही सतरा वर्षं हा चहा आणि कप्तानी यांच्यामधल्या अंतराचा आकडा आहे. ते अंतर कापलं विजयांनी नव्हे, विजय तर आधीच मिळाले होते. कापलं ते दोन भावांनी खेळायला नकार देण्याचं धाडस दाखवल्यामुळे.

या दारांमधून आत गेलेल्यांनी पुढे काय निष्कर्ष काढले, हेही एकसारखं नव्हतं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. हिंदू समाजाच्या आत राहून एकेक दार ठोठावत जावं, या मार्गावर बाळूंचा विश्वास होता. क्लबमधला अनुभवही त्यांना तेच शिकवून गेला असणार. आंबेडकरांना हा वेग आणि ही उपकाराची भाषा दोन्ही मंजूर नव्हती. सतरा वर्षांचा तो आकडा समोर ठेवला तर या अधीरतेचं मर्म कळतं. एका कुटुंबातल्या चार असामान्य खेळाडूंना जे मिळायला एवढा काळ लागला, ते सामान्य माणसाला कधी मिळणार? क्लब अपवादाला आत घेतो. त्यावरून नियम बदलला असं मानणं ही आपली नेहमीची चूक.

आता त्या दुसऱ्या, उंच झालेल्या कुंपणाकडे वळू. १९३७ पासून या चौरंगी स्पर्धेत ख्रिस्ती, ज्यू वगैरेंचा 'रेस्ट' हा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. पहिल्याच वर्षी हिंदू जिमखान्याने नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर आपल्या वाट्याला पुरेशा जागा आल्या नाहीत म्हणून संघच उतरवला नाही. क्लब तोवर गर्दीचा, तिकिटांचा आणि मानाचा केवढा मोठा व्यवहार झाला होता, हे त्यातून दिसतं. या रेघेचा विक्षिप्तपणा सर्वांत लखलखीत दिसला १९४३ च्या अंतिम सामन्यात. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावा केल्या, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. 'रेस्ट'कडून सांगलीचे विजय हजारे उभे राहिले आणि दुसऱ्या डावातल्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्यांनी काढल्या; तरी संघ डावाने हरला. हजारे मराठी, त्यांची भाषा, गाव, खाणंपिणं हिंदू संघातल्या अर्ध्या खेळाडूंसारखं. पण ते ख्रिस्ती, म्हणून 'बाकीचे'. जातींना एकत्र आणणाऱ्या छपराने शेजाऱ्याला असं बाहेर ठेवलं.

त्याआधीच, १९४० च्या डिसेंबरात, हिंदू जिमखान्याच्या प्रतिनिधींनी वर्ध्याला जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला होता. महाविद्यालयं किंवा संस्था यांच्यातले सामने समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान अशा संघांचं कारण आपल्याला उमगत नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. जिमखान्याच्या सभासदांत रण माजलं आणि मतदान होऊन त्या वर्षी हिंदूंनी माघार घेतली. पुढच्या वर्षी ते पुन्हा उतरले. पंचरंगीच्या बाजूने बोलणारेही कमी नव्हते. रणजी करंडक १९३४ पासून सुरू होता, पण त्याला प्रेक्षक लाभत नव्हते. पंचरंगीला मैदान ओसंडत असे. वेगवेगळ्या समाजांचे खेळाडू एकमेकांचे जिवलग होते, प्रेक्षक परक्या संघाच्या शतकालाही टाळ्या देत. हे सगळं खरं मानलं तरी एक प्रश्न उरतो. मैदानावरचा सलोखा एवढा होता, तर एकाच संघात खेळायला काय अडचण होती? अडचण क्लबच्या रचनेत होती. प्रत्येक जिमखान्याचं महत्त्व, तिकिटांचा वाटा, निवडसमितीचा अधिकार हे सगळं त्या रेघेवर उभं होतं. १९४६ नंतर ही स्पर्धा झाली नाही, आणि मुंबईच्या क्रिकेटचं काही अडलं नाही.

उलट पुढच्या काळात मुंबईला मोठं केलं ते ज्या क्लबांच्या दारावर धर्माची पाटी नव्हती त्यांनी. १९४८ साली पावसाळ्यातली कांगा लीग सुरू झाली. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना यांच्यासारख्या क्लबांतून गावसकर, वेंगसरकर, वाडेकर आले. आझाद मैदानावरच्या क्लबांकडे पॅव्हेलियन म्हणून तंबू असतो. खेळाडू त्यातच कपडे बदलतात आणि त्यातच चहा पितात. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची १९८८ सालची नाबाद ६६४ धावांची शालेय भागीदारी झाली ती आझाद मैदानावरच्या ससानियन या जुन्या पारशी क्लबच्या मैदानावर. ज्या समाजाने जागेसाठी अर्ज लिहिले, त्याच्याच मैदानावर दोन मराठी मुलं खेळून गेली आणि कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण म्हणून दारं संपली, असं समजू नये. मैदानावर मुलगा कुणाचा हे आज कुणी विचारत नाही. मात्र मोठ्या जिमखान्यांचं सभासदत्व पैशाने आणि ओळखीने मिळतं, आणि तिथे खेळणारा तरुण व त्याच क्लबच्या व्हरांड्यात बसणारा सभासद ही बहुधा दोन वेगळ्या जगांतली माणसं असतात. स्त्रियांचं तर पहिलं दारही उशिरा उघडलं. १९८६ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेलेल्या मुंबईच्या डायना एडलजी यांना लॉर्ड्‌सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारला गेला, आणि एमसीसीने स्त्रियांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते १९९८ साली.

शेवटचा आक्षेप बहुतेक क्लबांच्या कार्यकारिणीत ऐकू येईल. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना आजच्या मापाने मोजू नका. तेव्हाची रीतच तशी होती. पण वर मांडलेलं एकही माप आजचं नाही. मैदानाचा न्याय शापूरजी सोराबजींनी मागितला होता, चहाचा प्रश्न रानड्यांनी विचारला होता, पुणे आणि मुंबई यांतला फरक १९०६ च्या पत्राने नोंदवला होता, आणि कप्तानीचा दावा विठ्ठल-शिवराम यांनी स्वतः लिहून दिला होता. रीत तशी होती हे खरं, पण रीत चुकीची आहे हे सांगणारी माणसंही त्याच क्लबात, त्याच शहरात होती, आणि ज्या समित्यांनी ऐकलं त्यांचं ऐकणंही त्याच काळातलं. ही माणसं गाळली तर क्लबच्या इतिहासातून त्याचा सर्वांत चांगला भागच गळतो. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या जुन्या क्लबने स्मरणिका काढायला घेतली, तर अध्यक्षांच्या यादीआधी जुनी इतिवृत्तं आणि सभासदांची रजिस्टरं कपाटातून काढावीत. कुणाचा अर्ज कोणत्या साली नामंजूर झाला, कुणाच्या सूचनेवर मतदान झालं, खेळपट्टी करणाऱ्या माळ्यांची नावं काय होती, त्यांतला कुणी पुढे संघातून खेळला का, हे छापावं. ढालींची यादी कुठल्याही क्लबला छापता येते. आपलं दार केव्हा, कुणासाठी आणि कुणाच्या आग्रहाने उघडलं हे नाव-सालासकट छापायला मात्र संस्थेपाशी आत्मविश्वास असावा लागतो.